काठापासून चार बोटं

फॉर्मायकाच्या टेबलावरून स्टीलचा पेला ओढला की खर्र असा एक कोरडा, लांबट आवाज होतो. तो कुठेही कानी पडला की मला हिंदुरावकाका आठवतात. सांगलीत मी संगणकावर थ्रीडी चित्रं घडवायला शिकवते. पहिल्या दिवशी काका माझ्या वर्गात शिकायला आले, त्यांनी नाव सांगण्याआधी काठावरचा माझा पाण्याचा पेला आत सरकवला, आणि मगच नमस्कार केला.

"चार बोटं आत, मॅडम. आता बोला."

साठी उलटलेली, पांढऱ्या शर्टाच्या खिशात मोजायची लोखंडी टेप, आणि बोटांच्या पेरांत मुरलेला वंगणाचा मंद वास. कोयनानगरच्या धरण वसाहतीत त्यांनी उभी हयात फिटर म्हणून काढली होती. तिथल्या जमिनीला अधूनमधून शहारा येतो, आणि तो शहारा काका अंगात घेऊनच इकडे आले होते. दर तासाला ते वर्गातून एक फेरी मारत आणि मुलांचे मोबाईल, डबे, बाटल्या एकेक करून काठावरून आत सारत. मुलं अर्थातच मुद्दाम वस्तू काठावर मांडू लागली.

"काका, सांगलीत भूकंप नसतो, पूर असतो," एकाने डिवचलं.

"मग बाटली माळ्यावर ठीव, गड्या. पर काठावर नगं."

एक रेघ ओढली की ते फाइल सेव्ह करत. कवा हादरंल काय सांगावं, हे त्यावरचं त्यांचं ठरलेलं उत्तर.

वर्गाचा पहिला स्वाध्याय सर्वांना एकच असतो: एक टेबल आणि त्यावरच्या तीन वस्तू. मुलांनी आठवड्यात दिवे, लॅपटॉप, कॉफीचे मग मांडून सुटका करून घेतली. काकांचं टेबल तीन महिने चाललं. खणाची मूठ किती झिजलेली, कोणत्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी, सारं त्यांना मुखोद्गत होतं. ते मला विचारत, "लाकूड जुनं कसं करायचं? खडूची धूळ कशी पाडायची?" हळूहळू पडद्यावर एक हजेरीपट, डस्टर आणि तांबड्या शाईची दौत अवतरली, सगळं काठापासून चार बोटं आत.

मला ते चित्र गुदमरलेलं वाटलं. "काका, एखादी वस्तू काठावर येऊ द्या, टेबल वापरातलं दिसेल," असं म्हणत मीच ती दौत काठाशी आणून ठेवली.

काकांनी माउसकडे नेलेला हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"आमची शालन तिथं कवाच ठेवायची न्हाई."

शालनबाई त्यांच्या पत्नी. वसाहतीच्या शाळेत शिक्षिका. एकदा मधल्या सुट्टीत भूकंपाचा धक्का बसला आणि दौत मुलांच्या पेपरांवर सांडली. "वर्गात आली, तांबडं बघितलं, आन् तशीच अनवाणी ग्राउंडावर पळाली. समदी पोरं हात लावून मोजली. दोनदा. तवापास्नं चार बोटं. घरात बी, शाळंत बी."

काकांचा म्हणून मी ज्याला हसत आले होते, तो धाक शालनबाईंचा होता.

बाईंची स्मृती आता विरत चालली होती. दवाखाना जवळ पडावा म्हणून दोघं सांगलीला आली, आणि सांगलीत त्यांना आपलं असं काहीच सापडेना.

"रोज सकाळी पर्स घेऊन दारात उभी ऱ्हाती. शाळंला उशीर झाला म्हणती," काका म्हणाले. "तिचं शाळंतलं टेबल आणाय गेल्तो मी. तर मोडीत निघालं हुतं. त्याचा पाय तीनदा मीच बसवलाय, मापं हातात हायती. मला वळखत न्हाई ती, मॅडम. टेबल तरी वळखंल."

मी दौत परत आत सरकवली. त्या टेबलावर खिडकीतून तिरकं येणारं, धुक्याने ओलसर झालेलं कोयनेचं सकाळचं ऊन कसं पाडायचं, ते आम्ही दोघांनी मिळून शोधलं.

फाइल ऐन वेळी उघडली नाही तर काय, या भीतीने त्यांनी एका रविवारी मलाच घरी बोलावलं. कॉटवर शालनबाई बसल्या होत्या. खळ घातलेली सुती साडी, मांडीवर पर्स. लॅपटॉपच्या पडद्यावर टेबल उजळलं. काका वाकले, आणि त्यांचा आवाज मी प्रथमच इतका लहान झालेला ऐकला.

"वळखलंस का, शालन?"

बाईंनी मान वाकडी करून त्यांच्या खांद्यापलीकडे पाहिलं.

"पाहुणे, जरा बाजूला व्हा. दिसत नाही."

काका बाजूला झाले. भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभे राहिले. बाईंची नजर हजेरीपटावरून डस्टरवर गेली, खणाच्या मुठीशी रेंगाळली. त्यांचा वाकलेला कणा सावकाश ताठ झाला. मग त्यांनी वर पाहिलं. मी दाराच्या चौकटीत अवघडून उभी होते, उशिरा आलेल्या मुलीसारखी. मुळीच न रागावता, अख्खा वर्ग शांत होईल अशा संथ, मायाळू स्वरात त्या मला म्हणाल्या,

"बैस."