आखाजीचा डाव

दगाआप्पा बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. मी सुरतेच्या उधन्यातल्या त्या चाळीत राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी माझे हात बराच वेळ न्याहाळले आणि सांगून टाकलं की हा माणूस पत्ते खेळत नाही, पण खेळेल. मी तेव्हा एका लूम कारखान्यात सुपरवायझर होतो आणि पत्त्यांतलं मला चौकट आणि बदाम यापलीकडे काही कळत नव्हतं.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. चाळीत केबल नुकतीच आली होती. संध्याकाळी सगळे एकाच्या खोलीत टीव्हीसमोर जमत. बातम्या सुरू झाल्या की आप्पा निवेदिकेचे हात बघत बसत आणि मध्येच म्हणत, "या बाईचं वरचं पान भारी आहे, खाली काही नाही." भाजीवाली वांगी मोजताना कशी बोटं दाबते यावरून ती शिळी आहेत की ताजी, हे त्यांना कळे. चाळीतल्या बायका बाजारात जाताना त्यांना बोलावत.

नाव दगा. खानदेशात हे नाव सर्रास ठेवतात, पण सुरतेतल्या गुजराती मंडळींना त्याची भीती वाटे. दगा नावाच्या माणसासोबत पत्त्याला कोण बसणार? प्रत्यक्षात इतका सरळ माणूस मी पाहिला नाही. पलसाण्याच्या एका डाइंग युनिटमध्ये ते रंगमास्तर होते. नखांच्या कडेला कायम कुठला ना कुठला रंग असायचा, त्यावरून त्या आठवड्यात कुठली ऑर्डर चालू आहे ते आम्ही ओळखायचो. वय पन्नाशीचं. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली. खोलीत एकटेच.

त्यांचा जप एकच होता, "टाकी दे, भाऊ."

त्यांच्या मते पत्त्यांचा खेळ जिंकणाऱ्यांचा नसून टाकणाऱ्यांचा आहे. दहा डावांतले आठ डाव माणसानं पहिल्याच फेरीत टाकून द्यावेत. न्हाव्याच्या दुकानात तीन माणसं पुढे दिसली की आप्पा परत फिरत आणि म्हणत, टाकला डाव. एका लग्नात जेवणाची पंगत तिसऱ्यांदा हुकली, तेव्हा ते अक्षतांचा हात झटकून घरी आले आणि पिठलं टाकून जेवले. कंपनीनं हजीऱ्याकडच्या नव्या युनिटात मोठी जागा देऊ केली, तीही त्यांनी टाकली. विचारलं तर म्हणाले, पानं लागली नाहीत.

आता आखाजीबद्दल सांगायला हवं. आमच्या खानदेशात अक्षय्यतृतीयेला आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि पुरुष दिवसचे दिवस पत्ते कुटतात. सुरतेत ज्यांना गावी जाण्याइतकी सुट्टी मिळत नसे ते आखाजीच्या आदल्या दिवशी गल्लीत मांडव घालून तीन पत्तीची स्पर्धा घेत. बायकांनी पैशांचा जुगार केव्हाच बंद पाडला होता, म्हणून खेळ चिंचोक्यांवर चाले. प्रत्येकाला सारखे चिंचोके, ज्याचे संपले तो उठला, शेवटी उरला तो जिंकला. तीनपैकी एक पान सगळ्यांसमोर उघडं ठेवायचं, दोन झाकलेली.

आप्पा या स्पर्धेत कधी खेळले नव्हते. ते फक्त शिकवत. मांडवाच्या खांबाला टेकून ते नव्या खेळाडूंना सांगत की आपलं पान शेवटी बघा, आधी दुसऱ्यांची उघडी पानं बघा. तुम्हाला गुलाम हवा असेल आणि दोन गुलाम समोरच पडलेले असतील, तर वाट कुणाची बघता? टाकलेली पानं लक्षात ठेवा. सकाळी गप्प बसा, उतावळे एकमेकांना संपवतील. डावात उतरायला लागणारे चिंचोके दुपारी दुप्पट होतात, तेव्हा अंगावर जा. आणि हातात भारी पानं असताना चहाला हात लावू नका, कपबशी वाजते.

मी चाळीत आल्याच्या तिसऱ्या वर्षी कापडबाजारातल्या एका व्यापाऱ्यानं बक्षीस म्हणून साडी दिली. डाळिंबी रंगाची, बारीक जरीच्या काठाची. ती मांडवात दोरीवर टांगली होती. आप्पा आले, पदराचा कोपरा बोटांत धरून उन्हाकडे केला आणि रंग पक्का आहे म्हणाले. मग रांगेत माझ्यामागे उभं राहून त्यांनी आपलं नाव लिहिलं.

सगळे हसले. कुणी म्हणालं, आप्पा, नेसणार कोण? आप्पांनी हातानंच गप्प राहायला सांगितलं आणि चटईवर बसले.

त्या दिवशी मी त्यांना खेळताना पहिल्यांदा पाहिलं. सकाळभर ते नुसतं टाकत होते. त्यांच्या समोरचे चिंचोके वीतभरही हलले नाहीत. जेवणानंतर मात्र एकेक जण उठायला लागला. दुपारी चारच्या सुमाराला चटईवर दोघंच उरलो, आप्पा आणि मी. मी त्यांनीच शिकवलेलं सगळं पाळत आलो होतो.

शेवटच्या डावात माझी उघडी दश्शी होती. झाकलेली पानं उचलून पाहिली, दोन्ही दश्श्या. जन्मात पहिल्यांदा मला तिकडी लागली होती. आप्पांचं उघडं पान राजा. कुणीतरी दोघांसमोर चहा ठेवला. आप्पांनी आपला चहा प्यायला. माझ्या भरलेल्या कपाकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. त्यांना कळलं, हे मला कळलं.

ते टाकतील म्हणून मी वाट बघत होतो. मांडवातले सगळेच बघत होते. आप्पांनी एकदा दोरीवरच्या साडीकडे नजर टाकली आणि समोरचे सगळे चिंचोके मध्ये ढकलले.

"आप्पा, टाका," मी हळूच म्हणालो.

"नही."

त्यांच्याकडे राजाची जोडी होती. ते हरले. टाळ्या माझ्यासाठी वाजल्या, पण मी चटईवरचे चिंचोके गोळा करत बसलो.

संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो आणि विचारलं, तिकडी ओळखूनही का उतरलात? ते अंगठ्याच्या नखातला रंग खरवडायला लागले.

मग त्यांनी सांगितलं. त्यांना मुलगी होती, उषा. बायको गेली तेव्हा ती सात वर्षांची. ती संध्याकाळी रडायची म्हणून आप्पांनी तिला पत्ते शिकवले. ती मोठी झाली, कामरेजच्या एका गुजराती मुलाशी लग्न करते म्हणाली. मुलगा चांगला होता, लेथ मशीनवर काम करायचा. पण भाऊबंद काय म्हणतील, असं आप्पांच्या डोक्यात बसलं. त्यांनी तिला सांगितलं की या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस. तिनं ठेवला नाही. सहा आखाज्या झाल्या.

"मी मनी पोर टाकी दिधी, भाऊ," ते म्हणाले. स्वतःची पोर.

मी म्हटलं, तुम्ही दिवसाला हजार साड्या रंगवता, एखादी घेऊन जायची होती. त्यावर ते म्हणाले की विकत घेतली की पाय उचलत नाही. तीन वेळा घेतली, तिन्ही वाटून टाकल्या. बक्षिसाची असती तर सांगता आलं असतं, की सहज मिळाली, घरात नेसणारं कोणी नाही, म्हणून आणली.

मी घरात येऊन बायकोला सगळं सांगितलं. साडी तिनं खुंटीवरून काढली, घडी घातली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी आखाजी. मी कारखान्यातून रजा काढली आणि आप्पांना घेऊन कामरेजच्या बसमध्ये बसलो. पुडकं त्यांच्या मांडीवर. वाटभर ते पुटपुटत होते, बक्षीस लागलं, घरात कोणी नाही, म्हणून आणली. मध्येच मला विचारत, असं म्हटलं तर बरं वाटेल ना? मी म्हणे, बरं वाटेल. हायवेच्या धुळीत त्यांनी रुमालानं दोनदा तोंड पुसलं आणि मग माझ्याकडून कंगवा मागून घेतला.

घर सापडायला वेळ लागला नाही. निळं दार, दारापुढे पाण्याची टाकी, दोरीवर लहान मुलाचं झबलं वाळत घातलेलं. नातू की नात, कोणाला माहीत. आप्पा त्या झबल्यापाशी थांबले.

दाराला कुलूप होतं.

शेजारची एक गुजराती बाई पापड वाळवत होती. तिनं सांगितलं, उषा बारडोलीला नणंदेकडे गेली, उद्या येईल. दर आखातीजला, म्हणजे आखाजीला, ती घर बंद करून जाते. या दिवशी तिला घरात बसवत नाही. का, ते आम्ही कधी विचारलं नाही.

मी म्हटलं, आप्पा, उद्या पुन्हा येऊ. ते कुलपाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी पुडकं त्या बाईकडे दिलं आणि उषाला द्या म्हणाले.

बाईनं हात पुसून ते घेतलं आणि विचारलं, "कोण आपी गयुं, एम कहुं?" कोणी दिलं म्हणून सांगू?

वाटभर घोकलेलं वाक्य आप्पांच्या ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं. त्यांनी ते गिळलं. वीस वर्षं सुरतेत काढून त्यांना गुजराती धड येत नव्हती. तरी ते गुजरातीतच बोलले, एकेक शब्द जपून ठेवत.

"केजो, पियरथी आवी छे."

सांगा, माहेराहून आली आहे.