भोईर सरांची पेशी

भोईर सरांनी मला रिक्तिका ठरवलं त्याला आता अकरा वर्षं झाली. रिक्तिका म्हणजे पेशीतली साठवणीची पिशवी. "तुमी एवढं वाचता, सगळं आत ठेवता," शिक्षकखोलीत चहा ओतता ओतता ते म्हणाले, "बाहेर काय येत नाय, पण जागा भरपूर लागते." मी मराठी शिकवतो. अपमान कळायला मला वेळ लागत नाही.

भोईर सर भिवपुरीजवळच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांना काहीही सांगा, ते हात वर करणार, "थांबा, पेशीत बसवू." आणि बसवतात. कर्जतच्या बाजारात माल बांधून, वर नाव घालून टेंपोत चढवणारा हमाल म्हणजे गॉल्गी पिंड. खोपोलीचा भंगारवाला म्हणजे लयकारिका, मोडकंतोडकं गिळणारी. तंतुकणिका तर शिकवाव्याच लागत नाहीत. सर खिडकी उघडून डोंगराखालचं वीजघर दाखवतात. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील तंतुकणिकेत नोकरीला आहेत.

मुख्याध्यापकांना आपण केंद्रक आहोत याबद्दल शंका नव्हती. सरांनी त्यांना पेशीभित्तिका म्हटलं. "भक्कम. सगळ्यांच्या बाहेर उभी." मुख्याध्यापक खूष झाले, स्नेहसंमेलनाच्या भाषणात त्यांनी ते सांगितलंही. ती निर्जीव असते आणि प्राण्यांचं तिच्यावाचून काही अडत नाही, हे पुस्तकात पुढच्याच ओळीत आहे. मुख्याध्यापक पुढची ओळ वाचत नाहीत.

केंद्रकाची जागा भरलेली होती. तिथे सरांच्या पत्नी, सुमनवहिनी. त्यांच्या स्वयंपाकघरात एक वही असे. मसाल्याची मापं, गॅस कधी लावला, कोणता नातेवाईक कशावरून रुसला, सगळं तिच्यात. वही घराबाहेर जात नसे. बाहेर जाई ती चिठ्ठी, रोज एक, सरांच्या खिशातून. नववीच्या पेशीच्या तासाला सर ती वाचून दाखवत. "'मेथी एक जुडी. आलं. मागच्यासारखी जून भेंडी आणू नका.' बघा रं, मूळ वही केंद्रकात. बाहेर येते ती नक्कल. मी नुसता ती वाचून राबणारा रायबोसोम." वर्ग हसे. आमच्या दोन वर्गांमध्ये प्लायवुडचं पार्टिशन आहे, त्यामुळे माझाही वर्ग हसे.

सुमनवहिनी एप्रिलमध्ये गेल्या. जूनमध्ये सर शाळेत आले ते इस्त्री नसलेल्या शर्टात, आणि महिना झाला तरी त्यांनी कशालाच पेशीत बसवलं नाही. पेशीचा धडा जवळ आला तसा मीच अस्वस्थ झालो.

"धडा थोडा पुढे ढकला," मी सुचवलं.

"आणि मग काय शिकवू, व्याकरण?"

त्या दिवशी मी माझ्या वर्गाला निबंध लिहायला लावला आणि पार्टिशनला खुर्ची टेकवून बसलो. वीजघरापर्यंत सर ठीक आले. मग एका मुलीचा आवाज आला.

"सर, चिठ्ठी नाय दाखवली? माजा दादा सांगायचा, तुमी दाखवता."

कुणीतरी तिला दटावलं असावं.

"थांब गं," सर म्हणाले. "पेशीत बसवू."

फळ्यावर खडू वाजला.

"ही आपल्या रक्तातली तांबडी पेशी. तयार होता होता हिचं केंद्रक निघून जातं."

"मंग मरते ती?"

"नाय. आधीच्या चिठ्ठ्या आत राहिलेल्या असतात. त्यांच्यावर थोडे दिवस काम करते."

"आनि त्या संपल्या की?"

"मग नुसती फिरते. पण प्राणवायू पोचवत राहते गं, सगळ्यांना."

माझ्या वर्गात कुणी हसलं नाही.

संध्याकाळी कर्जतच्या बाजारात सर दिसले. हातात घडीवर विरलेला कागद. भाजीवालीने भेंडी पुढे केली, तसं सरांनी एकीचं टोक मोडून पाहिलं, मग दुसरीचं. "जून हाय," म्हणाले आणि ठेवून दिली.

मला पाहिल्यावर त्यांनी चिठ्ठी लपवली नाही. नीट घडी करून खिशात ठेवली.

"शर्टांच्या खिशात सापडल्या," ते म्हणाले. "रोज नाय काढत. पुरवून वापरतो."