रोज वीस उड्या

एखादी गोष्ट मनावर घेतली की मी ती तडीस नेतेच! पन्नाशी उलटली, पाळी गेली, म्हणून तपासून घ्यायला गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता इस्ट्रोजेन घटणार. हाडं विरळ होतात, रक्तवाहिन्याही ताठर होतात. तुमचं सध्या ठीक आहे. चालत राहा आणि रोज वीस छोट्या उड्या मारा."

वीस? माझी आई न्हाणीघरात घसरली, खुबा मोडला आणि पुन्हा कधी चाललीच नाही. मी दोनशे ठरवल्या!

चौथ्या दिवशी दाराखालून चिठ्ठी आली. आमच्या बरोबर खाली, तळमजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं होतं, त्यांचीच असणार. पण अक्षर काही लागेना! नवऱ्यानं उलटी धरूनही पाहिली. शेवटी औषधांच्या दुकानात नेली. दुकानदारानं घडाघडा वाचली, "धडधड थांबवा. छताचे पोपडे पडतायत."

"तुम्हाला कसं हो वाचता आलं?"

"रोजचंच अक्षर आहे, ताई."

मी तिकडे लक्षच दिलं नाही. उलट चिठ्ठी धाडली, "डॉक्टरांचा सल्ला आहे. तुम्हाला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं का?" आणि तीनशेवर गेले!

"अगं, कपाट नाचतंय," नवरा म्हणाला.

"नाचू दे. त्याला कुठे खुबा आहे!"

दुसऱ्या दिवशी एकशेऐंशीव्या उडीला खाली धाडकन आवाज झाला. मग आमची बेल. दारात डॉक्टरीणबाई! केसांत चुना, हातात चहाचा कप, कपात पोपडा.

"कोणत्या गाढवानं तुम्हाला..." बाई मला बघून थांबल्या. "अहो, मी वीस सांगितल्या होत्या!"

मी आईचं सांगितलं. बाईंचा आवाज उतरला, त्या खुर्चीत टेकल्या. चेहरा लालबुंद होता, म्हणून मी घरचं रक्तदाबाचं यंत्र आणून त्यांच्याच दंडाला पट्टा बांधला. आकडा चांगलाच चढलेला निघाला.

"तुमची हाडं कधी तपासलीत?" मी विचारलं.

"मला कुठे वेळ मिळतो!"

"आणि वय?"

"तुमच्याएवढंच," बाई पुटपुटल्या.

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघी त्यांच्याकडे उड्या मारतो. तळमजला, खाली कुणी नाही. वीसच. मोजायला माझा नवरा.

काल वर्षाची तपासणी झाली. माझ्या हाडांचं काय ते बाईंनी स्वतःच्या हातानं सविस्तर लिहून दिलंय. काय लिहिलंय, ते उद्या औषधांचं दुकान उघडलं की कळेल!