गुंडूअण्णा आणि पिकअपचं छत

कोणतंही छत दिसलं की त्यावर पाणी तुंबवून बघावं, असं मनापासून वाटणारे माझ्या ओळखीत एकच गृहस्थ आहेत. धारवाडच्या मळमड्डीतले आमचे शेजारी गुंडूअण्णा. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांची हयात गेली. स्लॅब टाकला की वर मातीचे वाफे करायचे, पाणी जायची भोकं बुजवायची, पाणी साठवायचं आणि खाली खुर्ची टाकून थेंब पडतो का बघत बसायचं. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. आमच्या वास्तुशांतीला आले ते देवाला हात जोडायच्या आधी गच्चीवर गेले. खाली येऊन म्हणाले, "माणूस खोटं बोलतंय मास्तर, पाणी बोलत न्हाई."

अशा माणसाने सत्तरीत स्वतःच्या गाडीच्या छताला भोक पाडायचं काढलं, तेव्हा गल्लीने तोंडात बोटं घातली.

गाडी कशाला घेतली ते सगळ्यांना ठाऊक होतं. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, न्हाणीत पाय घसरून पडल्या. मणका दुखावला. बसणं बंद, नुसतं आडवं पडून राहायचं. माहेर अळणावर गावचं. तिथे थोरल्या भावाचं सहस्रचंद्रदर्शन महिन्यावर आलेलं, आणि अक्कांना तेवढं एकदा जायचं होतं. अँब्युलन्सचं नाव काढताच म्हणाल्या, "त्यात मला शेवटी घाला." म्हणून अण्णांनी मागेही सीट असलेली एक जुनी पिकअप घेतली. सीटवर फळी, फळीवर गादी. डॉक्टरही हो म्हणाले. आता निघायचं तेवढं राहिलं होतं, आणि अण्णांच्या डोक्यात सनरूफ शिरलं.

ही गाडी देऊन कंपनीतूनच काच बसून आलेली नवी घ्यायची, की हिचाच पत्रा कापून बाहेरच्या मेस्त्रीकडून काच बसवायची? अण्णांनी वहीत दोन रकाने पाडले. हे रकाने ते भाजी आणतानाही पाडतात.

हुबळीच्या शोरूमला त्यांनी मला साक्षीदार म्हणून नेलं. मॅनेजर नव्या पिकअपमध्ये स्टिअरिंगमागे बसून कौतुकाने काच सरकवत होता. काचेच्या कडेने पन्हळ आहे, कोपऱ्यांतल्या नळ्यांतून पाणी खाली जातं, असं त्याने समजावलं. अण्णांनी मान डोलावली, खिशातून कणकेचा गोळा काढला, चारही भोकं बुजवली, काच लावायला सांगितली आणि वर बादली ओतली. पाणी पन्हळ भरून थेट मॅनेजरच्या मांडीवर.

"साहेब, भोकं का बुजवलीत?"

"तपासणीची रीत आहे ओ ती. भोकं उघडी ठेवून छत कोण पास करतंय?"

मॅनेजर कन्नडमध्ये जे पुटपुटला ते आम्हा दोघांनाही कळलं. ते आम्ही मराठीत आणलं नाही.

रायापूरच्या गॅरेजात बसप्पा मेस्त्री वेगळंच बोलला. "नोड्री, बघा अण्णार, म्हणाल तिथं कापतो. पण कापलेला पत्रा परत येत न्हाई. नंतर रडू नका." अण्णांनी वहीत लिहून घेतलं आणि विचार करतो म्हणाले.

या विचारात तीन आठवडे गेले. अक्का रोज आतून विचारायच्या, "आज?" अण्णा म्हणायचे, "घाई केली की छत गळतंय." मला संताप यायचा. बायकोच्या माहेरापेक्षा ह्यांना काच मोठी! कार्यक्रम चार दिवसांवर आला तेव्हा सकाळी जाब विचारायलाच गेलो.

पिकअपच्या मागच्या दारातून दोन पाय बाहेर आले होते. अण्णा गादीवर उताणे पडले होते.

"बरं झालं आलात मास्तर. जरा झोपून बघा."

मी झोपलो. वर राखाडी कापड, त्यावर एक शिवण. बाकी काही नाही.

"घरात आठ महिने ती छतच बघायलीय," अण्णा म्हणाले. "माहेरला जातानापण सगळी वाट हेच बघू दे काय? कंपनीची काच पुढच्या सीटवर येते ओ. मला काय करायचंय आभाळ? मी रस्ता बघणार."

"मग हे आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं तर तिच्या कानावर जाणार. मग म्हणणार, मला काही नको. तिला कधीच काही नको असतंय."

मी ओशाळलो. त्याच दुपारी बसप्पाने मागच्या सीटवरचा पत्रा कापून काच बसवली. पाण्याची तपासणी झाली नाही. तेवढा वेळच नव्हता.

निघालो तेव्हा मी पुढे बसलो. धारवाड मागे पडलं, झाडी दाटत गेली. अण्णा गाडी विसाच्या वर नेईनात. मागून अक्का म्हणाल्या, "घार आहे ओ. दोन."

"कुठं?" अण्णांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"वर की. आता चिंच आली. आता तारेवर पोपट."

आठ महिने त्या घरात अण्णाच बोलत होते आणि अक्का नुसतं हूं म्हणत होत्या. आता अक्का सांगत होत्या आणि अण्णा "मग? आता?" एवढंच विचारत होते. मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

अळणावर जवळ आलं आणि अक्का एकाएकी गप्प झाल्या. अण्णांनी करकचून ब्रेक दाबला.

"काय झालं ओ? दिसेना काय?"

"दिसतंय की," अक्का म्हणाल्या. "जरा बघू द्या."