हानअण्णांची कोरी जागा

आमच्या वरच्या मजल्यावरचे हानअण्णा रोज सकाळी बंगळूरच्या लालबागेतल्या खडकासमोर स्टूल टाकून चित्र काढतात, आणि त्यांच्या कागदावर तो खडक कधीच येत नाही. येतो तो कोरियातला एक डोंगर. फिरायला आलेली मंडळी मागून डोकावतात, एकदा खडकाकडे बघतात, एकदा कागदाकडे, आणि मुकाट्याने पुढे जातात. मग खडकासमोर बसता तरी कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "खडक चांगला. गप्प बसतो."

मुलीला व्हाइटफील्डला नोकरी लागली म्हणून हे कोरियाहून बंगळुरात आले. पण तिच्या चौदाव्या मजल्यावर जीव रमेना, तेव्हा जयनगरला आमच्याकडे भाड्याने राहिले. कन्नडमधला एकच शब्द त्यांनी उचलला आहे, स्वल्प, म्हणजे थोडंसं. कॉफी स्वल्प, ऊन स्वल्प, तब्येत विचारली तरी स्वल्प. माझी आई, म्हणजे साऱ्या गल्लीची अक्का, त्यांच्याशी खुशाल मराठीत बोलते, ते मोडक्या इंग्रजीत उत्तर देतात, आणि दोघांचं झकास जमतं.

सहाणेवर चंदन उगाळावं तशी ते काळ्या शाईची कांडी दगडावर तासभर उगाळतात. पण प्रत्येक चित्रात डोंगराच्या पायथ्याशी मोठी जागा कोरी. "अण्णा, हे राहिलंय की हो!" अक्का दर वेळी सांगते. ते नुसते मान हलवतात.

मला मात्र त्यांनी एकदा सांगितलं. ते नऊ वर्षांचे असताना त्यांचं गाव धरणाखाली गेलं. ती कोरी जागा म्हणजे पाणी, आणि त्याच्या तळाशी त्यांचं घर. ते काढायला कितीदा तरी बसले, पण हात पुढे जात नाही. ते घर पाहिलेली थोरली बहीण होती, ती यंदा गेली. "आता मी विसरलो, की घर संपलं," एवढं बोलून ते ब्रश धुवायला उठले.

मग आयुधपूजा आली, म्हणजे आपली खंडेनवमी. त्या दिवशी अक्काच्या तावडीतून काही सुटत नाही. माझी स्कूटर, मिक्सर, बायकोचा लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू. ते झाल्यावर ताट घेऊन ती वर गेली, मागून मी. अण्णांच्या ब्रशांना, शाईच्या दगडाला कुंकवाचं बोट लावलं. भिंतीवर प्रदर्शनाला जायचं चित्र होतं, सहा महिने खपून केलेलं. मी "अक्का, नको!" म्हणेपर्यंत तिने कोऱ्या जागेत ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा लावलासुद्धा.

अण्णा चित्रापुढे जाऊन उभे राहिले. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. मग ताटातल्या कुंकवात बोट बुडवून त्यांनी अक्काच्या टिळ्याशेजारी दुसरा टिपका लावला.

"स्वल्प लेफ्ट, अक्का," ते म्हणाले. "घर इथं."

ते तिथून बोट उचलेनात. खांदे हलत होते. अक्काने ताट खाली ठेवलं, आणि घराच्या उंबऱ्यावर ठेवतात तसं त्यातलं शेवंतीचं एक फूल त्या टिपक्याच्या बरोबर खाली, भिंतीशी जमिनीवर ठेवलं.