माझ्या दंडाचा प्रयोग

त्या वेळी माझ्या दंडाचा घेर नऊ इंच होता की सव्वानऊ, हे आता छातीठोकपणे सांगवत नाही. (छातीबद्दल तर न बोललेलंच बरं.) आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला ही नामुष्कीच. पण वय सत्त्याऐंशी आहे, आणि त्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

हिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन होऊन ही घरी आली, व्यायाम करून घ्यायला एक बाई येऊ लागल्या, पण पलंगावरून खुर्चीत बसवायला दोन माणसं लागत.

"बाबा, आईला मी माझ्याकडे नेते," मुलगी म्हणाली. "तुम्हाला झेपायचं नाही."

"महिनाभर थांब. एकट्याने उठवून दाखवतो. नाही जमलं तर ने."

बोललो खरा. बावन्न वर्षांत हिच्यावाचून या घरात मी सलग चार दिवस काढले नव्हते.

औषधांच्या दुकानातून स्नायू वाढवणारी 'संपूर्ण नैसर्गिक' पावडर आणली. डब्यावरच्या तरुणाचे दंड माझ्या मांड्यांहून जाड होते. दुसरा कोणी ती दुधात घालून मुकाट्याने प्यायला असता. मला पुरावा हवा होता. मी हिच्यापुढे दोन सारखे डबे ठेवले.

"एकात ही पावडर भर, दुसऱ्यात साधं पीठ. कशात काय, ते मला सांगू नकोस. पंधरा दिवस हा डबा, पंधरा दिवस तो."

"म्हणजे पंधरा दिवस तुम्ही मुद्दाम पीठ पिणार?"

"तुलना नको का करायला?"

"लग्नाआधी केली असतीत तर सुटले असते," ही म्हणाली.

रोज सकाळी एक चमचा, मग टेपने दंड मोजायचा, मग हिला उठवायचं. पहिल्या डब्याने फक्त माझी कंबर धरली. दुसऱ्या डब्याच्या बाराव्या दिवशी मुलगी आली. मी हिच्या काखेखाली हात घातले.

"लावा की जोर! लाजताय काय?" ही म्हणाली.

आणि ही अलगद उभी राहिली! मुलगी बघतच राहिली. तिने आणलेली रिकामी बॅग रिकामीच परत नेली.

"सांग आता," मी धापा टाकत म्हणालो, "या डब्यात पावडरच ना?"

"दोन्हींत पीठ. पावडर मी कामवाल्या बाईंना कुंडीत ओतायला सांगितली. तुमच्या पोटाला सोसली नसती." (कुंडीतलं रोपही वाढलं नव्हतं.)

म्हणजे हे निव्वळ मनोबल! त्यावर चार पानांचं टिपण लिहून मी निवृत्त प्राध्यापकांच्या मंडळात वाचलं. टाळ्याही पडल्या.

त्यानंतर ही सहा वर्षं याच घरात राहिली.

गेल्या वर्षी, हिच्या माघारी कागद आवरताना, हिच्याकडून व्यायाम करून घेणाऱ्या बाईंची वही सापडली. त्यातल्या एका नोंदीवर विश्वास बसेना, म्हणून त्यांना फोन करून तिची तारीख दोनदा पडताळून घेतली. माझ्या प्रयोगाचा चौथा दिवस. पुढे बाईंचं स्वच्छ अक्षर: 'आजपासून आधाराशिवाय उभ्या राहतात. यजमानांना कळवू नये, अशी त्यांची विनंती. त्यांचा प्रयोग चालू आहे.'