शनिवारचं कार्ड

आमचे अप्पा माणसं धरून आणतात. तंजावूरच्या राजवाड्यासमोर झाडाखाली एक कट्टा आहे. तिथे रोज दहा वाजता जाऊन बसायचं आणि कुणाच्या तोंडून मराठी शब्द पडला की त्याला घरी आणायचं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. चेहरा बघत नाहीत, नुसते कान देतात. "अगं, पाण्याची बाटली कुठंय?" एवढ्यावर त्यांनी अख्खी कुटुंबं पकडली आहेत.

"कोठले तुम्ही? घरास यावें. कापी घेऊन जावें." कापी म्हणजे कॉफी. हे ऐकून समोरचा आधी गोंधळतो, मग हसू दाबतो. साताऱ्याच्या एक बाई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "तुमचे वडील नाटकात होते का हो?" म्हटलं, नाही, तालुका कचेरीत. आमची मराठी तशीच आहे. तीनशे वर्षांपूर्वी पूर्वजांनी इकडे येताना बरोबर आणली ती वापरतोय, मध्ये कुणी बदलून दिली नाही; माझी तेवढी या पाहुण्यांशी बोलून बदलली.

मला मात्र राग यायचा. मी शाळेत गणित शिकवते. सुटीच्या दिवशी चार घास स्वस्थ खावेत म्हणावं, तोच दारात आठ अनोळखी चपला. "अगे, पानें घाल," अप्पा झोपाळ्यावरूनच सांगणार. बरं, पाहुण्यांची गाडी खोळंबलेली असते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो, पण अप्पांच्या तावडीतून जेवल्याशिवाय सुटका नाही.

आणि जेवणाआधी कार्ड.

ते कार्ड म्हणजे माझ्या आजोबांनी अप्पांना पाठवलेलं पोस्टकार्ड. अप्पा तेव्हा बावीस वर्षांचे, पापनाशमला नवी नोकरी, तिथेच खोली. आजोबांना देवनागरी यायची, अप्पांना नाही. लहानपणी आजोबा अक्षरं गिरवायला बसवायचे आणि अप्पा परसातून पसार व्हायचे. आजोबाही हट्टी. मुलाला पत्रं देवनागरीतच लिहायचे. वाचायची असतील तर शिकेल, म्हणे. अप्पा शिकले नाहीत. नेहमीचाच उपदेश असणार, डोक्याला तेल लाव, हॉटेलात खाऊ नको, असं धरून त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.

आजोबा गेले. पुढे कितीतरी वर्षांनी, निवृत्त झाल्यावर पेटी उपसताना ते कार्ड हाती आलं. अप्पांनी आधी आमच्या गल्लीतल्या हिंदी मास्तरांकडून वाचून घेतलं. मास्तरांनी अक्षर न् अक्षर वाचलं, पण अप्पांचं समाधान होईना. "रेडिओवर बातम्या दिल्यासारखें वाचतो. माझा बाप असा बोलत नव्हता." तेव्हापासून कट्ट्यावर बसणं सुरू झालं.

पाहुणे वाचायचे: "चिरंजीवास आशीर्वाद. शनिवारीं घरास ये. खीर करावयास सांगितली आहे. तूं आलास कीं पानें वाढूं. तोंवर मी जेवत नाहीं."

वाचणारा शेवटच्या ओळीला हळू होतो. झोपाळाही थांबतो. दुपारी आमच्या ओसरीवर जाळीतून ऊन येतं, पंखा फिरत असतो, आणि त्या घटकेला मला दरवेळी वाटायचं की आजोबा आतल्या खोलीत बसलेत, कुणीतरी जाऊन त्यांना उठवायला हवं. मग अप्पा म्हणायचे, "आतां वाढ."

मी एकदा विचारलं होतं, त्या शनिवारी तुम्ही कुठे होतात? "खोलीवर. पत्ते खेळत होतों." आजोबा दिवेलागणीपर्यंत पानावर बसले नाहीत, हे त्यांना पुढे आजीनं सांगितलं होतं, पण कशासाठी ते तिलाही ठाऊक नव्हतं. महिन्याभरानं अप्पा घरी गेले तेव्हा आजोबा एवढंच म्हणाले, "जेव."

यंदा अप्पांचे गुडघे गेले. कट्टा बंद. पाहुणे बंद. अप्पा कार्ड हातात घेऊन नुसते झोके घेत बसायचे आणि मला ते बघवेना. एवढी वर्षं चिडचिड केली ती मीच, आणि आता मलाच ओसरी रिकामी वाटायला लागली. मग वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी देवनागरी शिकले. अप्पांना न सांगता, पहिलीच्या मुलांसारखी वही घेऊन.

परवा दुपारी त्यांच्या हातातून कार्ड घेतलं आणि वाचलं. सावकाश, चुकत. शेवटची ओळ मात्र गिळली. म्हटलं, कशाला पुन्हा त्यांच्या जिवाला चटका लावायचा.

अप्पांनी झोपाळा पायानं थांबवला. "एक ओळ राहिली. ती वाच."

वाचली. अप्पा म्हणाले, "बरें वाचतेस. मी शिकलों असतों तर…"

वातावरण हलकं करावं म्हणून मी माझा पराक्रम सांगितला. माझी मुलगी चेन्नईत नोकरी करते, दोन महिने घरी फिरकलेली नाही. तिला मी सकाळीच फोनवर मेसेज पाठवला होता, शनिवारी ये म्हणून, तोही चक्क देवनागरीत. म्हटलं, झक मारत शिकेल.

मला वाटलं अप्पा खूश होतील. जन्मभर मराठी मराठी करणारा माणूस. पण त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"तिला येतें वाचावयास?"

"नाही. म्हणूनच तर."

"तमिळमध्यें लिही."

"अहो अप्पा, पण—"

"आत्तां लिही. तिला कळेल असें."

मी चष्मा लावला आणि तमिळमध्ये लिहिलं: शनिवारी ये, आम्ही वाट बघतोय. पाठवलं. अप्पा झोपाळ्यावर सरकले आणि मला शेजारी जागा करून दिली.

"गेलें?"

"गेलं."

"तिनें वाचलें का, बघ."

मग फोन मधे ठेवून आम्ही दोघं बघत बसलो.